जिजीच्या घराच्या तीन पायऱ्या

जिजीनं हातातली वही भिरकावली. ती पलंगाचा पायथा ओलांडून सुनेच्या पायाशी उलटी पडली.

"विचारायची रीत म्हणून नाही हिच्याकडे," जिजी मुलाला म्हणाली. सून समोरच उभी होती, तरी बोलणं मुलाशी. "किल्ली घेतली, विचारलं नाही. खुर्ची आणली, विचारलं नाही. आणि वर वहीत माझं नाव लिहून मोकळी. माझं! घेणाऱ्यांच्या पानावर."

मुलगा गाद्यांच्या कारखान्यातून तसाच उठून आला होता. भुवयांवर कापसाचे तंतू चिकटलेले. त्यानं एकदा आईकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि मग दोघींच्या मधे भिंतीवर असलेल्या घड्याळाकडे.

सुनेनं वही उचलली आणि दुमडलेली पानं सरळ केली.

"डॉक्टर म्हणाले, दीड-दोन महिने चाकाची खुर्ची लागेल. खुर्ची आपल्या खोलीत होती. जो नेतो त्याचं नाव लिहायचं, म्हणून लिहिलं."

"खोलीतलं सामान लोकांसाठी आहे."

"मग आपण लोक नाही का?"

"बघ," जिजी मुलाला म्हणाली. "कात्री बरी हिच्या जिभेपेक्षा."

जिजीनं दुसऱ्या कुणाच्या जिभेला नावं ठेवावीत, यातला विनोद मुलाला कळला. हसायची ही वेळ नाही, एवढंही कळलं. तो म्हणाला, "आई, नवी आणतो मी. उद्याच जातो दुकानात."

"आण. आपल्या पैशाची आण. ही घेऊन जायला सांग."

खुर्ची मात्र तिथंच राहिली, खिडकीखाली, भिंतीला टेकून. जिजीनं मान दुसरीकडे वळवली आणि तशीच ठेवली.

अकरा दिवसांपूर्वी ती स्वतःच्या घराच्या पायऱ्यांवरून पडली होती. मांडीचं हाड मोडलं, सळई घालावी लागली. भेटायला येईल त्याला ती सांगे, "कुणीतरी पाणी सांडलं होतं पायरीवर." कुणी सांडलं, ते तिनं कधी सांगितलं नाही. आणि पायरी कोरडी होती, हे सुनेनं कधी सांगितलं नाही.

खोलीची गोष्ट चौतीस वर्षांपूर्वीची. जिजीची सासू तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिच्यासाठी दांडा फिरवला की डोक्याकडून उचलला जाणारा लोखंडी पलंग आणला होता. सासू गेली. नातेवाईक म्हणाले, पलंग विकून टाका, घरात नको. जिजीचा नवरा तेव्हा कारखान्यात गाद्या भरत असे आणि ती त्यांना टाके घालत असे. ती दाभण हातात घेऊनच बाहेर आली आणि म्हणाली, "विकायचा कशाला? चार घरं पलीकडे गवंडी परांचीवरून पडून पाठ मोडून घेऊन पडलाय जमिनीवर. त्याला न्या."

गवंडी त्या पलंगावर आठ महिने झोपला आणि नवव्या महिन्यात स्वतःच्या पायांनी पलंग ढकलत परत घेऊन आला. पलंगाला चार नवी चाकं होती, दांड्याला तेलपाणी झालेलं होतं.

"नेला तसा आणला नाहीस," जिजी म्हणाली होती. "शहाणा आहेस. आता हाच नियम. नेलेली वस्तू जशीच्या तशी परत आणायची नाही. थोडी बरी करून आणायची."

कारखान्याच्या मागची रिकामी खोली तिनं त्या पलंगासाठी उघडली. मग कुणी कुबड्या आणून ठेवल्या, कुणी चालायचा वॉकर, कुणी चाकाची खुर्ची. खुर्ची ज्या घरी जाई तिथून काही ना काही अंगावर लेवून येई. सायकलवाल्यानं ब्रेक बसवले. सुतारानं हातांना शिसवाच्या पट्ट्या लावल्या, इतक्या गुळगुळीत की बसणाऱ्याचा हात आपोआप त्यावरून फिरावा. शिंपिणीनं मागे खिसा शिवला, चष्मा आणि औषधं ठेवायला. कुणी बोललं नाही, कुणी मिरवलं नाही. पण गल्लीतल्या कुणालाही विचारा, कुठला स्क्रू कुणाचा ते सांगेल.

गवंड्यानं स्वतःचा एक नियम वर घातला. खुर्ची ज्या घरी जाईल त्या घराच्या पायऱ्यांवर तो सिमेंटचा उतार घाली. फुकट. वहीत नाव चढलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घमेलं घेऊन दारात हजर. "माझी पाठ तुमच्या पलंगावर जुळली," तो म्हणे, "आता दुसऱ्यांची मोडू द्यायची नाही." तो थकला तेव्हा त्याच्या लेकीनं थापी हातात घेतली.

चौतीस वर्षांत कोणत्या घरात म्हातारपण आलं नाही, कुणाचा पाय मोडला नाही? एकेक करत सगळ्या गल्लीच्या पायऱ्या उतारांखाली गेल्या. त्या उतारांवरून मग नुसत्या खुर्च्या नाही, बाळांच्या गाड्या उतरू लागल्या, भाजीची हातगाडी दारापर्यंत येऊ लागली. एक पाय गमावलेला घड्याळजी पुन्हा दुकानात बसू लागला. दुपारी पूर्वी गल्ली ओस असे. आता म्हाताऱ्या माणसांच्या खुर्च्या सावली धरून सरकत असत, आणि शाळेतून येणाऱ्या पोरांना पाच-सहा आज्यांच्या नजरेखालून जावं लागे, त्यामुळे गल्लीतली भांडणंसुद्धा लवकर मिटत. पलीकडच्या दोन वस्त्यांतली माणसं येऊन खोली पाहून गेली आणि त्यांनी आपापल्याकडे तशा खोल्या काढल्या.

"आमच्या गल्लीत डोळे मिटून चाला," जिजी पाहुण्यांना सांगे. "ठेच लागली तर माझ्याकडे या."

फक्त दोन घरांना पायऱ्या उरल्या होत्या. एक कोपऱ्यावरच्या हेडमास्तरांचं. आणि दुसरं जिजीचं. तिच्या घराचं जोतं गल्लीत सगळ्यांत उंच. सासऱ्यानं हौसेनं बांधलेल्या तीन रुंद दगडी पायऱ्या. गवंड्यानं तिला पूर्वी दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा तिनं एकच उत्तर दिलं होतं.

"आमच्या घरातून सामान जातं. येत नाही."

दोन दिवस जिजीनं पलंगावरूनच घर चालवलं. भाजी कोणती आणायची, कारखान्यात कुणाला ओरडायचं, खिडकीचा पडदा किती सारायचा, सगळं आडवं पडून. न्हाणीघरापर्यंत न्यायला मुलगा आणि सून दोघांना दोन बाजूंनी धरावं लागे, आणि त्या वेळी ती एक शब्द बोलत नसे. परत पलंगावर टेकली की मघाचे राहिलेले शब्दही बोलून घेई.

"नवी खुर्ची कधी येतेय?" तिनं दुसऱ्या संध्याकाळी विचारलं.

"चार दिवसांनी देतो म्हणाला दुकानदार," मुलगा म्हणाला.

"येऊ दे की," सून पाणी देताना म्हणाली. "नवी आली तरी दारापर्यंतच जाईल. पुढं पायऱ्या आहेत."

जिजीनं पेला घेतला, पाणी प्यायली आणि पेला तिच्या हातात न देता खिडकीत ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला आवाज आला. ठण. ठण. छिन्नीवर हातोडा. आधी तिला वाटलं, समोर कुठंतरी चाललंय. मग पलंगाच्या पायातून हलका हादरा आला.

"कोण आहे? काय फोडताय?"

ठण.

"अरे, कोण आहे म्हणते मी!"

सून दारात येऊन उभी राहिली.

"माझ्या पायऱ्यांना कोण हात लावतंय?"

"गवंड्याची लेक आलीय."

"तिला म्हणावं थांब. इकडं बोलाव."

"बोलावलं. म्हणाली, काम टाकून आत येणार नाही, पाय चिखलाचे आहेत. जिजींना म्हणावं बाहेर या."

जिजीनं खिडकीखालच्या खुर्चीकडे पाहिलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच सरळ पाहिलं. बाहेर पुन्हा ठण झालं, आणि दगडाचा कपचा उडून दारावर आपटल्याचा आवाज आला.

"दारापर्यंत ने मला," ती म्हणाली. "आणि नीट ऐक. बसले म्हणजे घेतली असं होत नाही."

"नाही होत," सून म्हणाली, आणि तिनं खुर्चीचे ब्रेक लावून तिला बगलेत हात घालून उचललं.

गवंड्याची लेक चाळिशीतली, अंगानं आडवी, केसांना फडकं बांधलेली. ती सगळ्यांत खालच्या पायरीची कड फोडत होती. जिजीची खुर्ची दारात आली तशी तिनं हातोडा गुडघ्यावर ठेवला.

"आलात? बरं झालं. सरळ उतार दिला ना जिजी, तर तुम्ही सुटाल ते थेट सायकलवाल्याच्या दुकानात. तो पंक्चर काढेल तुमचं. म्हणून म्हटलं, भिंतीच्या कडेनं वळवून घ्यावा."

"तुला कुणी सांगितलं हे करायला?"

"वहीनं. नाव चढलं की उतार. माझ्या बाबांनी घालून दिलंय. आणि नियम धाब्यावर बसवणाऱ्याची तुम्ही काय हजेरी घेता, ते मी लहानपणापासून ऐकत आलेय."

"तो नियम घेणाऱ्यांसाठी."

गवंड्याच्या लेकीनं फक्त खुर्चीकडे पाहिलं, मग खुर्चीत बसलेल्या जिजीकडे, आणि छिन्नी पुन्हा दगडावर ठेवली.

जिजी दारातून हलली नाही. आता फुटणारच आहे तर निदान वाकडं तरी होऊ नये, असं ती सुनेला म्हणाली. मग दिवसभर ती तिथं बसून वाळूत माती जास्त आहे म्हणाली, पाणी जास्त आहे म्हणाली, पाणी कमी आहे म्हणाली. जाणारी-येणारी माणसं थांबत. तिला खुर्चीत बघून आधी गप्प होत, मग सायकलवाला म्हणाला, "ब्रेक कसे आहेत, जिजी? डावा जरा ओढून बघा, तो नेहमी हलतो," आणि ती ओढून बघून म्हणाली, "हलतोय. लाज वाटायला पाहिजे तुला." तो लगेच पाना घेऊन आला. सुताराची म्हातारी समोरून ओरडली, "शिसव गरम होत नाही उन्हात, बघितलंस ना?" जिजीचा हात पट्टीवर फिरतच होता. तिनं तो उचलून मांडीवर ठेवला.

पण दुपारपासून ती सारखी जागा बदलत होती. एकदा डावीकडे कलली, एकदा उजवीकडे.

"दुखतंय?" सुनेनं विचारलं.

"पाय नाही दुखत. खाली काहीतरी आहे. दगड ठेवलाय का कुणी गादीखाली?"

गवंड्याच्या लेकीनं थापीवरचं सिमेंट झटकलं.

"दगड नाही. ती गादीच तशी आहे. उजव्या अंगाला गोळा आहे ना, आणि मधे खड्डा?"

"तुला कसं माहीत?"

"बाबा शेवटचं वर्ष याच खुर्चीत होते. सारखे त्याच अंगावर कलायचे, तुम्ही आता कलताय तसे. मी म्हणायचे, उसवून कापूस पिंजून घेऊ. तर म्हणायचे, हात लावायचा नाही. जिजीच्या हातची गादी आहे."

"वर्षभर?"

"वर्षभर. आम्ही खाली फडकं घडी करून घालायचो."

"आणि बाकीचे? इतकी माणसं बसली यात. एकानं तोंड उघडू नये?"

"तुमच्यापुढं?" गवंड्याची लेक हसली. "ब्रेक सायकलवाल्याचे, तो सुधारतो. लाकूड सुताराचं, तो बघतो. गादी तुमची. तुमच्याकडे ती परत कधी आलीच नाही ना, बसायला."

जिजी बराच वेळ काही बोलली नाही. गल्लीला ती शांतता नवीन होती. समोरच्या म्हातारीनं मान उंच करून पाहिलं, काही झालं की काय म्हणून.

"अगं ए," शेवटी ती सुनेला म्हणाली. "माझी कात्री आण. आणि उशी आण एक, तोवर खाली घालायला."

तिनं गादी मांडीवर घेऊन उसवली. टाके तिचेच होते, बारीक, एकसारखे, इतक्या वर्षांत एकही सुटला नव्हता. वरून बघणाऱ्याला ती गादी आजही नवी वाटली असती, आणि तिनं ती नेहमी वरूनच बघितली होती. आत कापसाचे लिंबाएवढे गोळे झाले होते, कडक. ती एकेक गोळा काढून पायरीच्या कडेवर मांडत गेली. शेवटचा मोठा होता, तो तिनं मुठीत धरून ठेवला आणि गवंड्याच्या लेकीनं उताराची पहिली फळी बसवेपर्यंत सोडला नाही.

"खोलीत अजून किती खुर्च्या आहेत?"

"सहा," सून म्हणाली.

"सहाही गाद्या उद्या माझ्यासमोर पाहिजेत."

उतारावर आठ दिवस पाणी मारायचं होतं. त्या आठ दिवसांत जिजीनं दारात बसून सात गाद्या भरल्या. नवी खुर्ची आली तेव्हा तिनं तिच्यावर बोट दाबून पाहिलं आणि मुलाला म्हणाली, "हिच्यात फोम आहे. खोलीत टाक. कुणीतरी हिला माणसात आणेल."

नवव्या दिवशी सकाळी तिनं सुनेला सांगितलं, "खोलीत जायचंय." आणि निघताना एक निळं पेन मागून घेऊन खुर्चीच्या मागच्या खिशात टाकायला लावलं. पेन कशाला, ते सुनेनं विचारलं नाही. जिजीला ते खटकलं. तिनं विचारावं आणि आपण सांगावं, अशी तिची तयारी होती: खुर्ची परत करीन तेव्हा करीन, नाव मात्र आज खोडणार.

सुनेनं खुर्ची मागून घट्ट धरली आणि भिंतीच्या कडेनं खाली सोडली. जिजीनं दोन्ही हातांनी शिसव आवळलं. मग उतार वळला, संपला, आणि चाकं गल्लीला लागली ती तिला कळलीसुद्धा नाहीत. इतक्या जणांना तिनं या खुर्चीतून घरी पाठवलं होतं. गल्ली या उंचीवरून कशी दिसते, हे तिला ठाऊक नव्हतं. प्रत्येक दारातून एक राखाडी जीभ रस्त्यावर आलेली, काही जुन्या, काळपट, काहींवर मांजराच्या पावलांचे ठसे ओल्या सिमेंटमधेच राहून गेलेले. ती एकेका दाराकडे बघत गेली आणि मनात नावं घेत गेली. घड्याळजी. शिंपीण. सुतार. शिंपिणीची जाऊ, दोनदा. तिची मान ताठ होती, आणि ती तशी ठेवायला आज काही कष्ट पडत नव्हते.

खोलीत सुनेनं दिवा लावून वही तिच्या मांडीवर दिली. जिजी दुसरीपर्यंत शिकलेली. अक्षराखाली बोट धरून वाचायची. शेवटचं भरलेलं पान काढून तिनं स्वतःचं नाव शोधलं, सापडलं. तिनं खिशातून पेन घेतलं.

नावाच्या खाली आणखी एक ओळ होती.

अक्षर सुनेचं नव्हतं. ठसठशीत, तिरकं, शाळेच्या दाखल्यांवर असे तसं. गल्लीतल्या अर्ध्या लोकांच्या घरात ते अक्षर पेटीत जपून ठेवलेलं होतं. तिनं बोट फिरवत वाचलं. चाकाची खुर्ची, एक. खाली हेडमास्तरांची सही.

"हे कधी?"

"तुमचं नाव लिहिलं, त्याच संध्याकाळी."

"मास्तरांना काय झालं?"

"मास्तरांना नाही. बाईंना. वर्ष झालं, दोन्ही गुडघे गेलेत. आतल्या खोलीतून बाहेर आल्या नाहीत."

"वर्ष? आणि मला कुणी सांगितलं नाही?"

सून वॉकरच्या रबरी टाचा तपासू लागली.

"चारदा गेले मी त्यांच्याकडे. म्हटलं, खुर्ची घ्या. मास्तर एकच म्हणायचे. आम्ही आयुष्यभर दिलंय, घेतलं नाही कुणाकडून. जिजींच्या घरात कधी गेलीय का खोलीतली वस्तू? मग आमच्याच घरात का?" ती थांबली. "बाई आतून ऐकत असायच्या. काही बोलायच्या नाहीत. पाचव्यांदा मी वही घेऊन गेले, आणि पान उघडून नुसती समोर धरली."

जिजी पानाकडे बघत राहिली. पेनाचं टोपण तिनं केव्हाच काढलेलं होतं. ते तिनं पुन्हा लावलं, नीट, चटक आवाज येईपर्यंत.

बाहेर, कोपऱ्याच्या बाजूनं, ठण असा आवाज आला. मग दुसरा. गवंड्याची लेक तिथलं काम सुरू करत होती.

"ढकल," जिजी म्हणाली. "मास्तरीणबाईंना सांगून येऊ, उतरताना लाकूड घट्ट धरायचं आणि डोळे मिटायचे नाहीत. त्यांना कोण सांगणार दुसरं?"

सुनेनं वही कपाटात ठेवली, दिवा मालवला, कुलूप लावलं आणि किल्ली सवयीनं जिजीपुढे धरली. जिजीनं तिच्या उघड्या तळव्यावरची किल्ली बघितली. मग तिचीच बोटं किल्लीवर मिटवली, जरा जोरानंच.

"तुला विचारायची रीत नाही," ती म्हणाली. "मी सगळ्या गल्लीला सांगितलंय आणि पुन्हा सांगेन. पण विचारलं असतंस, तर मी नाहीच म्हटलं असतं. तेव्हा यापुढंही विचारू नकोस."